माळ पडीक कसा झाला

नोव्हेंबरात इंदापूर तालुक्यातल्या माळावर अर्धा तास फिरलं की पायमोजे वाया जातात. कुसळी गवताचं बी एका टोकाला सुईसारखं आणि मागे लांब काळी शेपटी. टोकाशी उलट्या दिशेचे बारीक केस, त्यामुळे एकदा घुसलं की ते पुढेच सरकतं. शेपटी दवानं ओली झाली की तिचा पीळ सुटतो, उन्हानं वाळली की पुन्हा बसतो. असं पिळत-सुटत ते बी स्वतःला मुरमात रुजवून घेतं. नांगर नको, पाणी नको, कुणाचा हात नको. माझ्या घोट्यावर त्याचा हाच उद्योग चालला होता.

बरोबरचा मित्र तिथलाच. त्यानं फोनवर आपल्या गटाचा सातबारा उघडून दाखवला. वर जिरायत क्षेत्र, खाली पोटखराब, लागवडीस अयोग्य, वर्ग अ. "आपण उभे आहोत ना, तो हा तुकडा," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात एक एजंट येऊन गेला. सोलरला जमीन बघतोय म्हणाला. माझी काळी नको होती त्याला. हाच तुकडा पाहिजे होता."

स्वच्छ विजेचं आणि निसर्गरक्षणाचं जिथे जिथे वाजतं, तिथे आपण लगेच पंच होऊन बसतो. एकीकडे तापत चाललेली पृथ्वी, दुसरीकडे एक पक्षी; कुणाचं ऐकायचं? मला वाटतं, या दोघांना एकाच तुकड्यावर आणून उभं कुणी केलं, हे आधी विचारावं. विचारत मागे गेलं की वाट तहसील कचेरीच्या दप्तरात शिरते, आणि गंमत म्हणजे तिचं एक टोक याच इंदापुरात आहे.

'पडीक' हा मराठीतला जुना शब्द, आणि नीट ऐकला तर त्यात वाईट काही नाही. कसली जात होती आणि कसायची थांबली, ती जमीन पड पडली. एखादं वर्ष मुद्दाम पड ठेवली तर तो तिचा विसावा. दुष्काळानं नाहीतर फौजांच्या ये-जा करण्यानं गाव उठलं तर शिवारच्या शिवार पड. अशी जमीन पुन्हा औताखाली यावी म्हणून शिवकाळात आणि पेशवाईत कौल देत, इस्ताव्यानं सारा बांधून देत: पहिल्या साली नाममात्र, मग दरसाल चढता, काही वर्षांनी पुरा. पडीक ही जमिनीची जात नव्हती, तिच्यावर आलेली वेळ होती. माळाची गोष्ट निराळी. माळ, कुरण, गायरान, वरकस, सडा या सगळ्यांना वेगवेगळी नावं होती, कारण त्यांची कामं वेगवेगळी होती. कुरण राखलेल्या गवताचं, गायरान गावच्या गुरांचं, वरकस कोकणातल्या नाचणी-वरीचं आणि राबाच्या पालापाचोळ्याचं. माळ मेंढरांचा, आणि ज्याला माणसानं नाव ठेवलं नाही अशा बऱ्याच कुणाकुणाचा. तो नांगराला कधी उभाच राहिला नव्हता, मग तो पडणार कशानं?

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारनं दख्खनची पहिली मोठी पाहणी केली ती रॉबर्ट प्रिंगल यांच्या हातून, १८२०च्या दशकात. जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून घ्यायचा, असा विलायती अर्थशास्त्रातून आलेला बेत होता. कागदावर सुबक, रानात निरुपयोगी. सारा भलताच बसला, लोक जमिनी टाकून गेले, आणि इंदापूर तालुक्यात तर शिवारं ओस पडली. म्हणून १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली ती इंदापुरापासूनच. आजही आपण गुंठ्यात बोलतो तो गुंठा म्हणजे त्यांच्या ३३ फुटी साखळीचा चौरस. अशा चाळीस चौरसांचा एक एकर. साखळीमागून प्रतवारीवाले येत. मातीचा रंग बघत, खोली बघत, तिच्यात चुनखडी किंवा गोटे किती, उतार किती, ते मांडत आणि जमिनीला आणे देत. सोळा आण्यांची काळी खोल जमीन वर, आणि खाली उतरत उतरत एक-दोन आण्यांची बरड. जिथे आणाही देता येत नव्हता ते क्षेत्र पोटखराब म्हणून गटातून वजा.

यात दुष्टपणा शोधू नये. प्रिंगलच्या मानानं ही पद्धत रयतेच्या बाजूची होती. पोटखराबाची वजाबाकी म्हणजे खडकाचा सारा शेतकऱ्याच्या बोकांडी बसू नये यासाठी दिलेली सूट. तीस वर्षांसाठी सारा पक्का झाला, माणसं परत आली. १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम बांधले गेले आणि ते मुंबई इलाखाभर पसरले. १८७९ चा महसूल कायदा आला, १९६६ चा महाराष्ट्राचा आला, सातबारा हातानं लिहायचा तो संगणकावर गेला. रकाना तसाच राहिला. मात्र तोवर त्याचा अर्थ उलटा झाला होता. 'इथून सारा घेऊ नये' याचं हळूहळू 'इथे काही नाही' असं झालं.

इंग्रजांच्या डोक्यातही या जमिनीसाठी जो 'वेस्ट' हा शब्द होता त्याची अशीच घसरण आधी होऊन गेली होती. विलायतेत तो शब्द मूळचा गावाच्या सामायिक चराईला आणि सरपणाच्या रानाला होता. सतराव्या शतकात जॉन लॉकसारख्या विचारवंतानं माणसाचा हात न लागलेली जमीन वाया गेलेली मानली, आणि तिथल्या गरिबांची चराऊ रानं कुंपणात गेली. आपल्याकडे तो शब्द आला तो ही सगळी धार लावून. त्यानं पड आणि माळ हे दोन्ही एका घोटात गिळले.

हे वेळीच ओळखणारा माणूस पुण्यातच होता. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ चा. त्यात जंगल खात्याचा समाचार घेताना त्यांची तक्रार अशी की या खात्यानं डोंगरदऱ्यांबरोबर गायरानं आणि पडीत रानंही आपल्या पोटात घातली, आणि कुणब्याच्या शेळ्याकरडांना तोंड घालायला जागा उरली नाही. पर्यावरण हा शब्दसुद्धा नव्हता तेव्हाची ही गोष्ट. पण एका चांगल्या म्हणवणाऱ्या कामासाठी, म्हणजे जंगल राखण्यासाठी, रिकामी समजून जी जमीन उचलली ती रिकामी नव्हती, एवढं त्यात स्वच्छ आहे.

मग शंभर वर्षं जाऊ द्या. १९८५ मध्ये केंद्रात राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ निघालं. वर्षाला ५० लाख हेक्टरांवर जळणाची आणि चाऱ्याची झाडं लावायची, असा संकल्प सोडला गेला. हिरवाई या शब्दाला तेव्हा नुकतंच वजन येत होतं, आणि हिरवाई म्हणजे झाड, हे इतकं ठरून गेलं होतं की गवताला कुणी विचारलंच नाही. माळावर खड्डे खणून निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प लावलं गेलं. गवताचा बराचसा कर्ब जमिनीखाली मुळांत असतो, तिथे वणव्याची झळ पोहोचत नाही. उलट उघड्या जागेत घरटं करणाऱ्या पक्ष्याला झाड म्हणजे घारी-कावळ्यांनी टेहळणी करायची माडी. पण फोटोत झाड दिसतं, मूळ दिसत नाही. सौरऊर्जेच्या आधी तीस वर्षं पर्यावरणानं पर्यावरणाच्या पायावर धोंडा टाकायची ही रंगीत तालीम होऊन गेली होती.

२००० साली देशाच्या पडीक जमिनींचा पहिला नकाशासंग्रह निघाला, उपग्रहाच्या चित्रांवरून. झुडपी जमीन, खडकाळ जमीन, वाळूचे टेकाड, क्षारपड, ऱ्हास पावलेली कुरणं असे त्याचे वर्ग. २०१९ च्या आवृत्तीत हा आकडा साधारण ५ कोटी ५८ लाख हेक्टर आहे, देशाच्या जवळपास सतरा टक्के. विंगेटच्या माणसांना निदान शेतात उतरून माती चाळवावी लागायची. उपग्रहाला तेवढंही लागलं नाही. आणि गुंतवणूकदाराला जमीन दाखवायची वेळ आली तेव्हा अशी यादी तयारच होती.

आता नान्नजला जाऊ. सोलापूरजवळ, इंदापूरहून फार लांब नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमाराला तिथे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांना माळढोक दिसू लागले. अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमात गवतासाठी काही तुकडे चराईपासून राखले होते, त्यात हा पक्षी टिकून होता. नर पंधरा किलोंपर्यंत भरतो, उभा राहिला तर माणसाच्या कमरेपर्यंत येतो, मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. सलीम अली यांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून त्याचं नाव सुचवलं होतं. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला.

१९७९ मध्ये अभयारण्य झालं, तेही ८,४९६ चौरस किलोमीटरचं. इथे निसर्गरक्षणवाल्यांनीही रकान्याचीच चूक उलट बाजूनं केली. नकाशावर एवढी मोठी रेघ मारली की तिच्या पोटात शेतं, गावं, गावठाणं, बाजारपेठा सगळं आलं. माळढोक नान्नजच्या मूठभर कुरणात, आणि खरेदी-विक्रीला, बांधकामाला आडकाठी दोन जिल्ह्यांतल्या लाखो माणसांना. पक्ष्याचं नाव काढलं की सोलापूर-नगरकडचा शेतकरी कपाळाला आठ्या घालू लागला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन अखेर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर पक्षी जवळजवळ संपला होता. माळाच्या भोवती ऊस आला, विहिरी आल्या, आणि विजेच्या तारा आल्या.

या तारेपाशी थोडं थांबलं पाहिजे, कारण आजच्या भांडणाचं खरं हत्यार ती आहे. पॅनेल कुणाला मारत नाही. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, चारीकडून येणारा शत्रू दिसावा म्हणून. त्यामुळे समोरचा भाग त्याला फार अरुंद दिसतो. उडताना तो खाली जमीन बघत जातो. मान खाली गेली की समोरचं जवळपास दिसतच नाही. त्यात अंगाचं वजन. तार दिसेपर्यंत ती हातभरावर आलेली असते, आणि पंधरा किलोंचा जीव चिमणीसारखा गिरकी घेऊ शकत नाही. लाखो वर्षं मोकळ्या माळावर त्याच्या वाटेत त्याच्या उंचीवर काहीही आडवं आलं नव्हतं. भारतीय वन्यजीव संस्थेनं थारमध्ये तारांखाली फिरून मेलेले पक्षी मोजले आणि अंदाज काढला: तिथे वर्षाला साधारण १८ माळढोक तारांनी मरतात. देशात उरलेत दीडशेच्या आसपास. कच्छमधल्या अबडासात तर चार-दोन माद्या आणि नर एकही नाही. याच पाहणीत ४,२०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सगळ्या जातींचे मिळून वर्षाला सुमारे ८४,००० पक्षी मरतात असा हिशेब निघाला.

थारच का? ऊन भरपूर, वारा भरपूर, आणि जमीन कागदावर पडीक. फलोदीजवळच्या भडल्यात २,२४५ मेगावॅटचं सौर उद्यान जवळपास १४,००० एकरांवर पसरलंय. कच्छच्या खावड्यात ७२,६०० हेक्टर ठरलेत, ३० गिगावॅटसाठी. जैसलमेरकडे गावोगावी ओरण आहेत, देवाच्या नावानं राखलेली रानं. आपल्या देवराईची वाळवंटातली बहीण म्हणा. त्यात कुऱ्हाड चालत नाही, उंटं-शेळ्या चरतात, पाणवठा असतो. यांतल्या कितीतरी ओरणांची महसूल दप्तरात ओरण म्हणून नोंदच नाही. सरकारी पड, बस्स. देगराय मातेच्या ओरणातून उच्चदाबाच्या तारा गेल्या तेव्हा तिथल्या लोकांनी आपल्या ओरणाची नोंद करून घेण्यासाठी खेटे घातले. म्हणजे जे शतकानुशतकं राखलं ते आहे, हे सिद्ध करायची वेळ राखणाऱ्यांवर आली.

२०१९ मध्ये एम. के. रणजितसिंह सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा मसुदा ज्यांच्या हातचा, तेच हे. एप्रिल २०२१ मध्ये कोर्टानं माळढोकाच्या क्षेत्रातल्या तारा जमिनीखाली घाला, तोवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या तारांना लावा, असा आदेश दिला. आदेशाच्या कक्षेत राजस्थान-गुजरातचे सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर येत होते. सरकार म्हणालं, उच्चदाबाच्या तारा एवढ्या अंतरावर पुरता येत नाहीत, खर्च अवाच्या सवा आहे, आणि देशाची कोळशापासून सुटका याच पट्ट्यावर अवलंबून आहे. मार्च २०२४ मध्ये कोर्टानं तो सरसकट आदेश मागे घेतला, तज्ज्ञांची समिती नेमली आणि त्याच निकालपत्रात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क असल्याचं मांडलं. पक्ष्याच्या खटल्यातून माणसाचा हक्क निघाला. मला त्या निकालाचं नवल वाटतं ते यासाठी की सरकारची तक्रार खोटी नव्हती. चंद्रपूरच्या राखेत श्वास घेणाऱ्या माणसाला माळढोकाचं काय कौतुक सांगायचं? पण ३० गिगावॅट कुठे उभे करायचे, हा प्रश्न कोर्टापुढे येईपर्यंत जमीन ठरून गेलेली होती, आणि ती ठरवताना गवत, शेळी, पक्षी यांच्यासाठी रकानाच नव्हता.

आपल्याकडे हेच आधी पवनचक्क्यांनी करून दाखवलंय. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या आणि पाटणकडच्या वनकुसवडेच्या पठारांवर नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून चक्क्या उभ्या राहिल्या. सडा म्हणजे कातळ, म्हणजे नकाशात खडकाळ पडीक. या सड्यावर एक सरडा राहतो. विणीच्या दिवसांत नर गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडझाप करत दगडावर बसतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं तेव्हा वंशाचं नाव ठेवलं 'सरडा', आपल्याच शब्दावरून. दोन वर्षांनी मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांचा चाळकेवाडीवरचा अभ्यास आला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी, म्हणून सरडे कितीतरी जास्त, आणि ते निवांत. त्यांच्या रक्तात ताणाचं द्रव्य कमी, माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नाहीत. संख्या वाढली म्हणून खाणं वाटून गेलं, सरडे काटकुळे झाले, आणि नरांच्या पंख्याचा रंग फिका पडला. चक्कीनं सरड्याला हातही लावला नाही. घार हटवली, आणि रंग उतरला. एवढं बारीक काही 'खडकाळ' या शब्दात मावत नाही.

मावायची सोयही ठेवलेली नाही. सौर आणि पवन प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी लागत नाही, आणि २०१६ मध्ये प्रदूषण मंडळानं त्यांना पांढऱ्या गटात टाकलं. धूर नाही, सांडपाणी नाही, म्हणून पांढरा. धुराच्या दृष्टीनं ते रास्तच आहे. पण आघात तपासायचाच नाही असं ठरलं की जागा निवडायला एकच कसोटी उरते: स्वस्त आणि कुणाची तक्रार नसलेली. अशी जागा कोणती, हे इंदापूरच्या मोजणीपासून लिहून ठेवलेलं आहे.

महाराष्ट्रात आता दिवसा शेतीपंपाला वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाऊन साप चावलेली माणसं ज्यानं पाहिलीत तो या योजनेला नावं ठेवणार नाही. उपकेंद्राजवळ छोटे छोटे प्रकल्प, लांबच्या मोठ्या तारा नकोत, ही कल्पना थारपेक्षा खूपच शहाणी आहे. खाजगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख भाडं. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षं. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्यानं, आणि सरकारी जमीन म्हटलं की गावात पहिलं बोट जातं ते गायरानाकडे. मराठवाड्यात या गायरानावर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून दलित कुटुंबांनी दगड वेचून जमिनी केल्या आहेत. कुणाच्या नावावर झाल्या, कुणाच्या अजून अतिक्रमण म्हणून आहेत. जिथे तसं नाही तिथे धनगराची मेंढरं आहेत, पारध्याची पालं आहेत. दप्तराच्या लेखी हे सगळे रिकाम्या जागेत राहतात.

आम्ही बांधावर बसून मोज्यातली कुसळं काढत होतो. मी मित्राला विचारलं, मग एजंटाला काय सांगितलंस? तो म्हणाला, अजून काही नाही. उपकेंद्र तीन किलोमीटरवर आहे, त्याला घाई आहे. "आज्याच्या वेळेपासून हा तुकडा म्हणजे खराबा. सोसायटीनं कधी यावर पै दिली नाही. आता हेक्टरी सव्वा लाख म्हणतोय. तू गवताचं सांगतोयस ते पटतंय मला, पण सव्वा लाख मीही कधी बघितले नाहीत या तुकड्यातून."

पलीकडून घंटेचा आवाज आला. दिवाळी होऊन गेली होती, वाडा कोकणाकडे निघाला होता. पुढे घोडी, तिच्या पाठीवर बिऱ्हाड आणि दोन कोंबड्या, मागे मेंढरं. म्हातारा धनगर मित्राला ओळखत होता. "मालक, परतून येऊस्तर तार वढू नका," तो चालता चालता म्हणाला. मित्र नुसता हसला, आणि मेंढरं त्याच्या पोटखराबात शिरली.